हातात किती पडतात?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मार्च महिन्यात सुरक्षा सप्ताह होता. मला तिथे चार शब्द बोलायला बोलावलं होतं. माझ्याआधी कारखान्याचे एक अधिकारी बोलले. पहिली पाळी सुटली होती, दुसरी लागायची होती; शेडच्या दाराशी दीडएकशे मुलं निळ्या शर्टात उभी होती. त्यांतली बहुतेक ठेकेदाराची. अधिकाऱ्यांनी त्यांना सावरपाड्याच्या कविता राऊतची गोष्ट सांगितली. घरात काही नव्हतं, पायात बूट नव्हते, पाण्याचे हंडे वाहणारी आदिवासी मुलगी अनवाणी धावली आणि देशासाठी पदक घेऊन आली. जिद्द असली की काही अडत नाही, तेव्हा रडगाणी सोडा आणि कामाला लागा, असा त्या भाषणाचा शेवट होता. टाळ्या वाजल्या.

नंतर चहा घेताना एका मुलाला मी गाव विचारलं. त्याने हरसूलकडचा एक पाडा सांगितला. "सावरपाडा आमच्या जवळच आहे, सर. आमच्या शाळेतली लय पोरं पळायची. मीपण पळायचो, जिल्ह्याला दुसरा आलो होतो." मग जरा थांबून म्हणाला, "ती सगळी पोरं आता इथंच आहेत. कोणी सातपूरला, कोणी अंबडला." कप ठेवून तो पाळीला गेला.

त्या भाषणात खोटं एक अक्षर नव्हतं, तरीही ते घातक होतं. कमी पैशांत मोठं काम होऊ शकतं याचा पुरावा म्हणून आपण आपल्या खेळाडूंकडे बोट दाखवतो. मालक दाखवतात, संस्थाचालक दाखवतात, मंत्री दाखवतात. गरिबीतून वर आलेल्या एकाची गोष्ट त्याच गरिबीत अडकून राहिलेल्या शंभर जणांना ऐकवली जाते आणि त्यांच्या तुटपुंज्या पगाराचं ते उत्तर समजलं जातं. नाशिक जिल्ह्याने देशाला जे खेळाडू दिले त्यांच्या कहाण्या मात्र नीट, अखेरपर्यंत वाचल्या तर त्या नेमकं उलटं सांगतात.

कविताचंच बघा. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या पाड्यावरून ती नाशिकला आली. प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर तिला वर्षानुवर्षं घडवलं. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरचं कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धेत धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरचं रौप्य आणि ५,००० मीटरचं कांस्य. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन. पाड्यावरची वाट आणि दिल्लीची धावपट्टी यांच्यामध्ये राहायची सोय, खाणं, बूट, रोज पहाटे मैदानावर हजर असणारा प्रशिक्षक आणि पुढे ओएनजीसीची नोकरी, इतकं सगळं होतं. लांब पल्ल्याचा धावपटू आठवड्याला शंभराहून जास्त किलोमीटर धावतो. त्या धावण्याने पायातला स्नायू झिजतो, रक्तातलं लोह कमी होतं, आणि हे सगळं भरून निघतं ते जेवणात आणि झोपेत. ज्याला दुपारी कामावर जायचं आहे त्याला झोप मिळत नाही. ज्याच्या घरी डाळ पातळ असते त्याला लोह मिळत नाही. असा मुलगा जिल्ह्याला दुसरा येतो आणि तिथेच थांबतो. तो थांबला याचं कारण आपण त्याच्या मनात शोधतो. ते त्याच्या ताटात असतं.

दुसरी गोष्ट दत्तू भोकनळची. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव, पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावाचून तहानलेल्या टापूतलं. लहानपणापासून तो वडिलांबरोबर विहिरी खोदायचा, दगड फोडायचा. २०११ मध्ये वडील गेले. २०१२ मध्ये तो लष्करात भरती झाला, आणि तिथे त्याची उंची पाहून वरिष्ठांनी त्याला पुण्यात रोइंगकडे वळवलं. तोपर्यंत त्याने वल्हं हातात धरलेलं नव्हतं. चार वर्षांत, म्हणजे २०१६ मध्ये, तो रिओ ऑलिम्पिकला एकेरी नौकानयनात भारतातर्फे उतरला आणि १३ वा आला. त्याची आई तेव्हा अपघातानंतर घरी आजारी होती. २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या शर्यतीत तब्येतीने दगा दिला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने तीन साथीदारांबरोबर चौघांच्या नावेत सुवर्णपदक मिळवलं.

तेच शरीर, तेच हात, तीच सहनशक्ती. विहिरीच्या मजुरीवर असताना त्यातून खोदलेल्या दगडाशिवाय काही निघालं नव्हतं. लष्कराने महिन्याला ठरलेला पगार दिला, दोन वेळचं पोटभर जेवण दिलं, आजारी पडला तर डॉक्टर दिला, नाव दिली, शिकवणारा दिला, आणि चार वर्षांत तो माणूस ऑलिम्पिकला गेला. दत्तूच्या कष्टाची गोष्ट सांगताना आपण विहिरीपाशी रेंगाळतो, कारण तिथे डोळ्यांत पाणी येतं. लष्कराच्या पगारपत्रकापाशी कोणी थांबत नाही.

महाराष्ट्राला ही खोड जुनी आहे. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला निघाले तेव्हा सरकारी तिजोरीतून पुरेसे पैसे निघाले नाहीत. कराडजवळच्या गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणलं. कराडात बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. आणि मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून, स्वतः कुस्त्या करून खर्डेकरांचे पैसे फेडले. देशाला मिळालेल्या पदकाचं कर्ज पदक मिळवणाऱ्यानेच अंग मोडून फेडलं. आज त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्याचा क्रीडा दिन आहे.

बहात्तर वर्षांनी, १ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. त्याच्या नेमबाजीची सुरुवात नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली, ही आपल्या शहराला अभिमानाची गोष्ट आहे. त्याच्या सरावासाठी वडिलांनी कर्ज काढलं होतं. २०१५ पासून तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता आणि बढतीची वाट पाहत होता. पदक मिळालं आणि लगेच बढती मिळाली, कोटींची बक्षिसं जाहीर झाली. काळ बदलला हे खरं; रेल्वेचा पगार त्याच्या पाठीशी होता, प्रबोधिनी होती, खाशाबांना यातलं काहीच नव्हतं. तरी पैशाची वाट तीच राहिली. तो सगळ्यात जास्त येतो शेवटी, निकाल लागल्यावर, आणि लागतो तो सगळ्यात जास्त सुरुवातीला, जेव्हा मुलगा पंधरा वर्षांचा असतो आणि गोळी मोजून झाडतो.

बक्षीस आणि पगार यांतला हा फरक आपल्याला कळेनासा झाला आहे, आणि खेळापुरतंच हे राहिलेलं नाही. बक्षीस जिंकणाऱ्याला मिळतं. पगार तयारी करणाऱ्याला मिळतो. आधी करून दाखव, मग बघू, असं म्हणणारा मालक सगळी जोखीम कामगाराच्या अंगावर टाकतो आणि फळ मात्र आधीच आपल्या हिशेबात धरतो. स्वतः कविता राऊतने २०२४ मध्ये जाहीरपणे तक्रार केली की राज्य शासनाच्या नोकरीसाठी आपल्याला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं गेलं. अंबडच्या त्या शेडमध्ये तिचं नाव घेऊन मुलांना गप्प बसवलं गेलं, तिथे हे वाक्यही सांगायला हवं होतं.

आता त्या शेडमध्येच जाऊ. आयटीआय झालेला मुलगा नोकरीला लागतो तो ठेकेदाराच्या मस्टरवर. कागदोपत्री तो हेल्पर, कारण हेल्परला अकुशल कामगाराचा दर लागतो. प्रत्यक्षात तो पॉवर प्रेसवर उभा असतो. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा भाग खाली यावा, म्हणजे हात आत राहू नये. तासाचं टार्गेट वाढलं की एक बटण पट्टीने किंवा लाकडाच्या तुकड्याने कायमचं दाबून ठेवलं जातं. मग एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण. काम पटापट होतं. बाराव्या तासाला डोळा लागतो आणि बोट जातं. ज्यांची दोन पेरं गेलेली आहेत अशी मुलं सातपूरच्या चहाच्या टपऱ्यांवर मला भेटली आहेत. विचारल्यावर ती आपलीच चूक सांगतात. ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यायचा असा कायदा आहे. तो बहुतेकांना सिंगल मिळतो, आणि तोही मिळावा म्हणून ती भांडून बारा तास मागून घेतात, कारण आठ तासांच्या पगारात खोलीचं भाडं आणि घरी पाठवायचे पैसे बसत नाहीत.

सात महिने झाले की ब्रेक. वर्षभरात २४० दिवस भरले तर कामगाराला कायद्याने काही हक्क मिळतात, म्हणून ते भरू द्यायचे नाहीत. मालकाला वाटतं यात आपण वाचलो. पण सात महिन्यांत त्या मुलाच्या हाताला त्या मशीनचा आवाज कळू लागलेला असतो. टूल घासलं की आवाज बदलतो, हे कोणत्याही पुस्तकात नसतं, ते कानाला कळतं. नेमका कान तयार झाला की मुलगा दाराबाहेर आणि नवा आत. कारखाना कायम सातव्या महिन्यापर्यंतच शिकलेला राहतो. मग रिजेक्शन वाढलं, गिऱ्हाईकाकडून माल परत आला की भिंतीवर गुणवत्तेचे फलक लागतात, जपानी पद्धतींची शिबिरं भरतात. जपानी पद्धत ज्या पायावर उभी राहिली तो पाया म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी टिकलेला कामगार, हे शिबिरात सांगत नाहीत.

१९१३ मध्ये हेन्री फोर्डच्या कारखान्यात हेच चाललं होतं. सुमारे १४,००० माणसं टिकवायला वर्षात ५२,००० माणसं भरावी लागली. लोक येत आणि कंटाळून निघून जात. ५ जानेवारी १९१४ ला फोर्डने आठ तासांना पाच डॉलर जाहीर केले, जवळजवळ दुप्पट. तो काही संत नव्हता. पाच डॉलर मिळवणाऱ्या कामगारांच्या घरी कंपनीची माणसं त्यांचं वागणं तपासायला जात. पण हिशेब त्याला कळत होता, आणि खर्च कमी करण्यासाठी आपण जे जे केलं त्यात हा पगार वाढवण्याचा निर्णय फार मोठा ठरला, असं त्याने पुढे सांगितलं. शंभर वर्षं होऊन गेली. तो हिशेब आमच्या वसाहतींत अजून बहुतेकांनी मांडून पाहिलेला नाही.

कारखान्याबाहेर पडून दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत गेलं तर हाच हिशेब उघड्या डोळ्यांनी दिसतो, म्हणून तिथे जरा थांबतो. गोडी छाटणी झाली की पेठ, सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या खाली उतरतात. छाटलेल्या काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, फुटवे काढायचे, शेंडे मारायचे, मग डिपिंग. एका हातात औषधाचा कप, दुसऱ्या हाताने घड हलकेच धरून त्यात बुडवायचा, झटकायचा, पुढचा. मग थिनिंग. बाई मांडवाखाली मान वर करून उभी असते, हातात छोटी कात्री, आणि घडातले नेमके कोणते मणी काढायचे ते तिची बोटं ठरवत असतात. कमी काढले तर घड घट्ट होतो, आतले मणी एकमेकांवर दाबून फुटतात आणि सडतात. जास्त काढले तर घड विरळ दिसतो, वजन जातं. युरोपला जाणारा मणी १६ ते १८ मिलिमीटरचा हवा, रंग एकसारखा हवा, कात्रीचं टोक लागून डाग पडलेला नको. हा सगळा दर्जा त्या बाईच्या मनगटात आहे. सरकारी दरपत्रकात मात्र ती अकुशल.

पेस्ट लावताना हातमोजे क्वचितच असतात. रात्री झोपायला बागेच्या कडेचं पत्र्याचं शेड, पोरं तिथेच. काम एकरावर उक्तं दिलेलं असतं, म्हणजे जितकं लवकर तितकं बरं. मी एका बागेत विचारलं, रोजाने लावलं तर काम चांगलं होणार नाही का? बागायतदार म्हणाले, "होईल ना, पण परवडत नाही." त्यांची बाजूही खोटी नव्हती. औषधं महागली, अवकाळी पावसाची टांगती तलवार, व्यापाऱ्याने ठरवलेला भाव, आणि तोही माल नेल्यावर पैसे बुडवणार नाही याची खात्री नाही. पण त्याच बागेत एका टोळीकडे त्यांनी बोट दाखवलं. ती टोळी सलग नऊ वर्षं त्यांच्याकडे येत होती. तिला ते इतरांपेक्षा जास्त दर देत, येण्याजाण्याचं भाडं देत, आजारपणाला पैसे देत. निर्यातीचे प्लॉट फक्त तिच्याच हाती. बाकीच्या बागेला उक्तं. म्हणजे चांगलं काम कशाने मिळतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जिथे माल परत येण्याची भीती होती तिथे ते त्याची किंमत मोजत होते.

ज्याच्याकडे कुणाचाच माल परत येत नाही असा एक मालक आहे, आणि सगळ्यात मोठा तोच आहे. शासन. २००० साली महाराष्ट्राने शिक्षणसेवक नावाची जात निर्माण केली. डीएड झालेल्या शिक्षकाला तीन वर्षं महिना ३,००० रुपये. हे मानधन प्राथमिकला १६,००० होईपर्यंत २०२३ उजाडलं. अंगणवाडीसेविकेला तर कर्मचारीही म्हणत नाहीत, ती मानसेवी. कुपोषणाची नोंद, लसीकरण, गरोदर बायांची यादी, निवडणुकीची कामं, सगळं तिच्याकडे. तिला दिलेला सरकारी मोबाइल इतका निकृष्ट होता की २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन पंचायत समित्यांवर नेऊन परत केले. पोषण ट्रॅकरचं ॲप तेव्हा इंग्रजीत, फोन अडकणारा, पाड्यावर रेंज नाही, आणि नोंद वेळेत झाली नाही तर मानधन कापणार. डिसेंबर २०२३ मध्ये त्या संपावर गेल्या आणि जानेवारीच्या शेवटापर्यंत अंगणवाड्या बंद राहिल्या. तेव्हा सेविकेचं मानधन १०,००० आणि मदतनीस बाईचं ५,५०० होतं. कुपोषण हटवण्याची जबाबदारी जिच्यावर टाकली, तिच्या घरी महिन्याला दहा हजार.

आणि आश्रमशाळा. कवितासारख्या मुली जिथून येतात त्या डोंगरातल्या शाळा. २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाने शिक्षकांची १,७९१ पदं बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदार कंपनीमार्फत, भरायचं ठरवलं. वर्षानुवर्षं रोजंदारीवर शिकवणारे लोक भर पावसाळ्यात बिऱ्हाड घेऊन नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर रस्त्यावर येऊन बसले. बायाबापड्या, लेकरं, चुली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या कंत्राटी प्राध्यापकांच्या खटल्यात बजावलं होतं की शिक्षकाला सन्मानाने पगार देत नसू तर समारंभांत गुरुर्ब्रह्मा म्हणण्याला अर्थ नाही. आश्रमशाळेतला जो मास्तर पहाटे मुलांना घेऊन पळायला जाऊ शकला असता, तो रस्त्यावर बसलेला होता. पुढची कविता कुठून येणार, याचं उत्तर क्रीडा खात्याच्या कुठल्याही योजनेत मिळणार नाही. ते त्या रस्त्यावर होतं.

यावर दोन गोष्टी नेहमी ऐकायला मिळतात, आणि दोन्हींत तथ्य आहे. लहान कारखानदार म्हणतो, माझं बिलच मोठी कंपनी नव्वद-शंभर दिवसांनी काढते, वर दरवर्षी दर कमी कर म्हणते. मी पगार कुठून वाढवू? छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, आणि त्याचा आधार घेऊन मोठ्या गिऱ्हाइकाशी भांडायची कोणाची छाती होत नाही. हे मला मान्य आहे. दाब वरून खाली येतो, आणि जो सगळ्यात खाली आहे त्याच्या मनगटावर सगळा भार पडतो. पण म्हणूनच लहान कारखानदारांनी आपल्या संघटनांमधून वरच्याशी भांडायला हवं. ते खालच्याचे पैसे कापतात, कारण तो भांडत नाही.

दुसरा आक्षेप असा की पैसा दिला म्हणजे काम होतं असं कुठे आहे, कायम सरकारी कर्मचारी बघा. बरोबर आहे. नुसत्या पगाराने काम होत नाही. देखरेख लागते, शिस्त लागते, शिकवणूक लागते. पण ज्याला तुम्ही पुरेसा पगार देता त्याला तुम्ही जाब विचारू शकता. ज्याला देत नाही त्याला विचारण्याचा तुमचा हक्कच संपतो. ठेकेदाराकडचा सुरक्षारक्षक सोळा तासांच्या पाळीत झोपला तर त्याला उठवून काय बोलणार? तुमच्याच सोसायटीने सगळ्यात कमी दर देणाऱ्या एजन्सीला काम दिलेलं असतं.

सगळ्यात कमी दर. या एका शब्दप्रयोगाने आपल्या शहराचं जितकं नुकसान केलं आहे तितकं पुरानेही केलं नसेल. मनुष्यबळाच्या निविदेत किमान वेतन ठरलेलं असतं, ते कोणी कमी दाखवू शकत नाही. मग स्पर्धा होते ती ठेकेदाराच्या सेवाशुल्कावर, आणि ते जवळजवळ शून्यापर्यंत खाली येतं. ज्याने आपला नफा शून्य दाखवला तो ठेकेदार जगणार कशावर? उत्तर सफाई कामगारांना विचारा. पगार बँकेत जमा होतो, कागद चोख राहतो, आणि नंतर ठेकेदाराचा माणूस त्यातले काही हजार रोख परत मागतो. काही ठिकाणी तर एटीएम कार्डच त्याच्याकडे असतं. म्हणूनच कामगार एकमेकांना पगार किती असं विचारत नाहीत. ते विचारतात, हातात किती पडतात?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. नेमणूकपत्र आता सक्तीचं झालं, ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभरात ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला, या चांगल्या गोष्टी आहेत. पण कंत्राटी कामगारांचा केंद्राचा कायदा पूर्वी २० माणसं असली की लागू व्हायचा, तो आकडा ५० झाला. एकोणपन्नास माणसांच्या तुकड्या पाडणं ठेकेदाराला अवघड जाणार नाही.

हे सगळं आज लिहायला घेतलं त्याचं कारण सिंहस्थ कुंभमेळा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान ठरलेलं आहे. कोट्यवधी लोक गोदाकाठी येतील. रस्ते, पूल, घाट यांचे हजारो कोटींचे आकडे रोज वर्तमानपत्रांत येतात. पण पहाटे तीन वाजता रामकुंडावर दोर धरून उभा राहणारा, शौचालय धुणारा, पाण्यातून माणूस ओढून काढणारा, साधुग्रामात रुग्णवाहिका चालवणारा माणूस कोणाच्या मस्टरवर असेल आणि त्याला किती तासांनी झोप मिळेल, याची चर्चा मला कुठे दिसली नाही. २७ ऑगस्ट २००३ ला याच शहरात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. तिची कारणं वेगळी होती, आणि ती कंत्राटी कामगारांच्या माथी मारू नयेत. पण गर्दी आवरणं म्हणजे काय हे त्या दिवशी ज्यांनी पाहिलं ते सांगतील की एका क्षणाचा निर्णय दोराच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला घ्यावा लागतो. तो माणूस जागा हवा, शिकवलेला हवा, आणि उद्याही आपण याच कामावर असू हे त्याला ठाऊक हवं. आठ दिवसांसाठी गोळा केलेला, सोळा तास उभा केलेला, अर्धा पगार परत द्यावा लागणारा माणूस तो क्षण पेलू शकत नाही.

नाशिककरांना माझी एकच विनंती आहे. सिंहस्थाच्या मनुष्यबळाच्या निविदा निघतील तेव्हा आपल्या नगरसेवकाला, आमदाराला, महापालिकेला विचारा: सेवाशुल्काची किमान मर्यादा किती ठेवली, पाळी किती तासांची, प्रशिक्षण किती दिवसांचं, आणि पगाराची पडताळणी ठेकेदाराच्या कागदावरून होणार की प्रत्यक्ष कामगाराला विचारून? माहितीच्या अधिकारात अर्ज करा. घाटावर झाडू मारणाऱ्या बाईपाशी दोन मिनिटं थांबा आणि तिच्या हातात किती पडतात ते तिलाच विचारा. अजून वेळ आहे.